पाणी चढलं आणि डोंगरांची बेटं झाली

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की समोर बॅकबे पसरलेला दिसतो. त्याच्या पलीकडे, वायव्येला, मलबार हिलचा उंचवटा आहे. पाठीमागे कुलाब्याची खडकाळ दांडी दक्षिणेला नेव्ही नगरपर्यंत गेलेली आहे. या दोन उंचवट्यांच्या मधल्या पाण्यावर इथल्या कोळ्यांच्या होड्या चालतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, अष्टमीच्या भांगाला त्याची ओढ कमी होते. मोठ्या ओहोटीत ठिकठिकाणी खडकांच्या काळ्या पाठी वर येतात आणि सहा तासांत पुन्हा दिसेनाशा होतात. कुठला खडक कोणत्या तिथीला उघडा पडतो आणि कुठे जाळं अडकून फाटतं, हे तांडेलाला पाठ असावंच लागतं.

दिवसातून दोनदा उघडे पडणारे हे खडक, कधीच न बुडणारी मलबार हिल आणि कधीच वर न येणारी बॅकबेच्या तळाची जमीन, या तिन्ही गोष्टी एकाच भूमीच्या कमी-जास्त उंचीच्या जागा आहेत. मुंबईची बेटं समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी. बेट म्हटलं की समुद्रातून वर आलेली जमीन आपल्या डोळ्यांसमोर येते. काही बेटं खरोखर तशी वर येतात. पण मुंबईची सात बेटं वर आलेली नाहीत. ती जागच्या जागी होती आणि पाणी त्यांच्याभोवती चढत गेलं. बेट कसं झालं हे कळलं की ते किती टिकेल, त्यावर कोणते प्राणी राहतील आणि पावसाचं पाणी कुठे तुंबेल, हेही बऱ्याच अंशी कळतं. म्हणून हा प्रश्न शाळेतल्या भूगोलापुरता ठेवू नये, असं मला वाटतं.

सुरुवात दगडापासून करू. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आजच्या पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला लांबलांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एका थरावर दुसरा थर चढत गेला आणि दख्खनचं पठार तयार झालं. झीज होऊनही आज ते सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर उरलं आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे हेच थर. घाटावर ते जवळजवळ सपाट आहेत. पनवेलच्या आसपास आलं की ते पश्चिमेकडे वाकतात आणि मुंबईत तर ते समुद्राच्या दिशेने तिरके उतरलेले आहेत. मुंबईतले बरेच थर दख्खनच्या मुख्य उद्रेकानंतरचे, शेवटच्या काळातले आहेत. त्यांत नुसता काळा बेसॉल्ट नाही. राखेचे थर आहेत, फुटक्या दगडांचे थर आहेत आणि दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात साचलेला तळ्यांचा गाळही आहे.

वरळीच्या टेकडीतला असा गाळ मुंबईच्या भूविज्ञानात फार मोलाचा ठरला. त्यात एकोणिसाव्या शतकात बेडकांचे लहान लहान सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज या बेडकाला इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणतात. गोड्या पाण्यातल्या कासवाचे अवशेषही याच थरांत मिळाले. म्हणजे आज जिथे वरळीची गर्दी आहे तिथे एकेकाळी उथळ, गोड्या पाण्याचं तळं होतं, त्याच्या काठावर बेडूक होते, आणि पुढच्या लाव्ह्याने ते सगळं झाकून टाकलं. त्या वेळी इथे बेट नव्हतं.

तिरक्या उतरलेल्या थरांवर पुढे कोट्यवधी वर्षं पाऊस पडत राहिला. कठीण बेसॉल्ट टिकला, राखेचे आणि गाळाचे मऊ थर धुऊन गेले. त्यामुळे दोन लांबट धारा उरल्या. पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळी यांची, आणि पूर्वेला डोंगरी, माझगाव, परळ, शिवडी यांची. दोन्ही साधारण उत्तर-दक्षिण आहेत. त्यांच्या मधे ताडदेव, भायखळा, महालक्ष्मी, लोअर परळ ही सखल पट्टी. मुंबईचं पुढचं सगळं चरित्र या दोन धारा आणि मधला सखल भाग यांनी ठरवलेलं आहे. मुंबईचा नकाशा पाहताना मी आजही रस्त्यांआधी या धारा शोधतो.

आता पाणी. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं प्रचंड पाणी बर्फाच्या रूपात जमिनीवर अडकून पडलं होतं. जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. मुंबईच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे, कारण मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन विलक्षण रुंद आणि उथळ आहे. तिची रुंदी 300 किलोमीटरच्या आसपास भरते. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हायला, जिथे 1974 साली 'सागर सम्राट'ने खोदलेल्या विहिरीत तेल लागलं, पाण्याची खोली 75 मीटरच्या आसपास आहे. हिशेब सोपा आहे. हिमयुगात ती जागा कोरडी होती. मलबार हिल तेव्हा आजच्या भाषेत बोलायचं तर देशावरच्या टेकडीसारखी होती आणि समुद्र तिच्यापासून कित्येक दिवसांच्या पायपिटीवर होता.

मग हवा तापली, बर्फ वितळलं आणि पाणी परत आलं. ते एकसारख्या वेगाने आलं नाही, कधी थबकत तर कधी झपाट्याने आलं. तरी सरासरी काढली तर उलगडा होतो. सुमारे दहा हजार वर्षांत समुद्राने इथे तीनशेच्या आसपास किलोमीटर वाट कापली, म्हणजे वर्षाला सुमारे 30 मीटर. माणसाच्या एका आयुष्यात किनारा दीड-दोन किलोमीटर आत आला असणार. तेव्हा त्या सपाटीवर माणसं राहत असतील तर प्रत्येक पिढीला आपला किनारा सोडून मागे सरकावं लागलं असेल. सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्या पातळीजवळ येऊन बरंचसं स्थिरावलं. दोन धारांच्या मधल्या सखल भागात ते शिरलं, पूर्वेच्या खोऱ्यात शिरून त्याचं बंदर झालं, आणि उंच जागा तेवढ्या वेगवेगळ्या उरल्या: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम.

हा नुसता तर्क नाही, त्याचा पुरावा गोदीत सापडला आहे. 1880 मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू असताना, 1878 च्या सुमारास, मजुरांना गाळाखाली एक जंगल लागलं. साडेतीनशेहून जास्त झाडांचे बुंधे, त्यांतले बरेचसे उभे, मुळं जमिनीत घट्ट रोवलेली. झाडं मुख्यतः खैराची होती. ही मुळं ओहोटीच्या पाण्याच्याही खाली होती. खैर हे कोरड्या रानातलं झाड आहे, ते खाऱ्या पाण्यात उगवत नाही. झाडं वाहून आली असती तर आडवीतिडवी पडली असती. ती उभी होती, म्हणजे ती तिथेच वाढली आणि नंतर तिथे समुद्र आला. पाणी चढलं की जमीनही थोडी खचली, यावर त्या काळापासून चर्चा झाली. किनाऱ्यावर दोन्ही गोष्टी घडू शकतात. वरळी-माहीमच्या बाजूला शिंपले आणि वाळू चिकटून झालेला करळ नावाचा दगड मिळतो. त्याचे काही थर आजच्या भरतीरेषेच्या वर आहेत. म्हणजे समुद्र इथे आजच्याहून थोडा वरही येऊन गेलेला आहे. मला विचाराल तर मुंबईतला सगळ्यात बोलका ऐतिहासिक पुरावा म्हणजे गोदीतलं ते खैराचं रान, आणि मुंबईच्या शाळांत त्याची गोष्ट सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

अशा बेटांना खंडीय बेटं म्हणतात, कारण ती मुळात खंडाचाच तुकडा असतात. आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक नावाजलेली बेटं याच कुळातली आहेत. घारापुरी म्हणजे बंदरात बुडालेल्या खोऱ्यातल्या टेकड्या. समुद्र वीसएक मीटर उतरला तर वेरूळच्या लेण्यांना जातो तसं घारापुरीला चालत जाता येईल. बंदरातली जवाहर द्वीप, क्रॉस आयलंड, मिडल ग्राउंड, ऑयस्टर रॉक ही छोटी बेटं आणि कुलाब्याच्या टोकापुढचा, 1875 साली दीपगृह उभारलेला प्राँग्ज रीफ ही त्याच भूमीची माथी आहेत. दक्षिणेला थळजवळची खांदेरी-उंदेरी आहेत. त्यांतल्या खांदेरीवर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि त्यावरून इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंज झाली. खांदेरीच्या वेताळाला कोळी आजही मानतात. राजापुरीच्या खाडीतला जंजिरा, मालवणचं कुरटे बेट ज्यावर 1664 मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, हेही किनाऱ्यापासून तुटलेले खडकच. या किल्ल्यांची बळकटी नुसत्या तटात नव्हती. खंडीय बेटाभोवती असे अर्धवट बुडालेले खडक असतातच, आणि वाट माहीत नसलेल्या शत्रूची जहाजं त्यांवर फुटतात. सिंधुदुर्गाच्या वाटेवर आजही होडीवाला सरळ न जाता वळणं घेत जातो. जगात पाहिलं तर ब्रिटन आणि श्रीलंका हीसुद्धा याच रीतीने मुख्य भूमीपासून वेगळी झालेली बेटं आहेत.

बेट कोणत्या कुळातलं, हे त्यावरच्या प्राण्यांवरूनही ओळखू येतं. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने 1880 च्या आपल्या ग्रंथात यावर सविस्तर लिहिलं. मुंबईच्या उत्तरेचं साष्टी हे वसईची खाडी आणि ठाण्याची खाडी यांनी वेढलेलं बेट आहे, आणि त्याच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, चितळ आहेत, सांबर आहेत. बोरिवलीत बिबट्या दिसला की आपण जंगल आणि शहर यांची चर्चा करतो, ती करायलाच हवी. पण मूळ प्रश्न असा की बेटावर इतके मोठे प्राणी आले कसे? साष्टी पूर्वी मुख्य भूमीचा सलग भाग होती, आणि आजही खाडीपलीकडचं जंगल हाकेच्या अंतरावर आहे. पाणी चढायच्या आधीपासून त्या डोंगरात जे होतं तेच त्या बेटावर उरलं.

याच्या अगदी उलट उदाहरण मॉरिशसचं. माणूस पोचण्यापूर्वी तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. होता तो डोडो, उडणं विसरलेला मोठा पक्षी, कारण त्याला खाणारं तिथे कुणी नव्हतं. डच खलाशी, त्यांची डुकरं आणि उंदीर आल्यावर सतराव्या शतकातच तो संपला. मॉरिशस कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं. ते समुद्राच्या तळातून लाव्हा साचत साचत वर आलं. तिथे उडत, पोहत किंवा ओंडक्यावर वाहत जे पोचलं तेवढंच राहिलं.

आणि इथे आपल्या सह्याद्रीचा धागा मॉरिशसला जाऊन मिळतो. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणांहून उष्ण द्रव्य सतत वर येत असतं. अशा जागांना हॉटस्पॉट म्हणतात. हॉटस्पॉट बराचसा जागच्या जागी राहतो आणि त्याच्यावरून भूपट्ट सरकत जातो. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते दख्खनचा लाव्हा ज्या हॉटस्पॉटमधून आला तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारत त्याच्यावर होता तेव्हा दख्खनचं पठार झालं. भारत उत्तरेकडे निघून गेला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखीची एक लांब रांग उमटत गेली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग पुढे मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक 80-90 लाख वर्षांचे आहेत, रियुनियन त्याहून बरंच तरुण आहे आणि तिथला पितों दे ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वारंवार उसळतो. 1834 नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर जाऊ लागले, तेव्हा कोकणातली मराठी माणसंही मुंबई बंदरातून जहाजात चढली. त्यांचे वंशज तिथे आजही मराठीपण जपून आहेत आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातला जांभा ज्या बेसॉल्टवर बसला आहे तो आणि मॉरिशसच्या शेतातला काळा दगड, दोघांचा उगम बहुधा एकाच ठिकाणचा. त्या पहिल्या पिढीला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. मला मात्र ही गोष्ट वाचल्यापासून विसरता येत नाही.

सगळीच ज्वालामुखी बेटं हॉटस्पॉटवर होत नाहीत. अंदमानातलं बॅरन बेट वेगळ्या प्रकारचं आहे. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, खोल गेल्यावर वरच्या भागातला खडक वितळतो आणि वर येतो. भारताच्या हद्दीतला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. दीर्घ शांततेनंतर तो 1991 मध्ये पुन्हा उसळला आणि त्यानंतरही अधूनमधून धुमसत आला आहे. पाण्यावर तो साडेतीनशे मीटरच्या आसपास दिसतो, पण त्याचा पायथा समुद्रतळाशी दोन किलोमीटरहून खोल आहे. अशी बेटं माणसाच्या डोळ्यांदेखतही जन्मतात. आइसलँडजवळ नोव्हेंबर 1963 मध्ये समुद्र उकळू लागला आणि सुर्त्से हे बेट वर आलं. 1967 पर्यंत उद्रेक चालला, तेव्हापासून लाटा ते कुरतडत आहेत. टोंगाजवळ 2014-15 मध्ये जोडलं गेलेलं हुंगा टोंगा-हुंगा हापाई हे बेट तर 15 जानेवारी 2022 च्या स्फोटात बहुतांश उडून गेलं.

लक्षद्वीपचा उल्लेख वर आला, पण तिथे उतरलेल्या माणसाला काळा दगड कुठेच दिसत नाही. पांढरी वाळू आणि प्रवाळ, एवढंच. ज्वालामुखी खाली गाडला गेला आहे. हे कोडं चार्ल्स डार्विनने सोडवलं आणि 1842 मध्ये आपल्या पुस्तकात मांडलं. ज्वालामुखी बेटाच्या कडेने उथळ, उजेडाच्या पाण्यात प्रवाळ वाढतं. ज्वालामुखी थंड होतो, जड होतो आणि हळूहळू खचू लागतो. प्रवाळाला मात्र जगायला उजेड हवा, म्हणून ते वर वर वाढत राहतं. शेवटी मधला डोंगर पूर्ण बुडतो आणि त्याच्या कडेचं प्रवाळाचं कडं तेवढं उरतं, मधे शांत पाण्याचं तळं. यालाच कंकणद्वीप म्हणतात. शंभराहून अधिक वर्षांनी, 1952 मध्ये, पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर भोक पाडलं तेव्हा सुमारे 1,400 मीटर प्रवाळ-चुनखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा दगड लागला.

लक्षद्वीपची एकूण जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर आहे आणि ती समुद्रापासून काही मीटरच उंच आहे. तिथलं बेट म्हणजे जिवंत प्राण्यांच्या सांगाड्यांवर टिकलेली जमीन. प्रवाळ मेलं की लाटा अडत नाहीत आणि वाळू वाहून जाते. बंगारमच्या कड्यातलं परळी-1 हे निर्मनुष्य बेट धुपून नाहीसं झाल्याचं 2017 मध्ये नोंदवलं गेलं. मुंबईत असं बेट का झालं नाही? प्रवाळाला स्वच्छ पाणी हवं, आणि आपल्या खाड्या पावसाळ्यात चिखल ओततात. तरीही हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर काही जिद्दी प्रवाळं आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी 2020 मध्ये त्यांतली काही उचलून नेव्ही नगरच्या बाजूला नेऊन बसवली गेली. मच्छीमार नगरपासून ही जागा दूर नाही.

गाळाच्या आणि वाळूच्या बेटांचं आयुष्य सगळ्यात अनिश्चित. नदीचा वेग मंदावला की ती ओझं टाकते, आणि त्याच नदीला पूर आला की ते उचलते. ब्रह्मपुत्रेतलं माजुली 2016 मध्ये स्वतंत्र जिल्हा झालं, पण गेल्या शतकात नदीने त्याचा मोठा भाग गिळला आहे. बंगालच्या उपसागरात 1970 च्या चक्रीवादळानंतर पूर्वाशा नावाचं वाळूचं बेट दिसू लागलं, भारत आणि बांगलादेश दोघांनी त्यावर हक्क सांगितला, आणि 2010 पर्यंत ते पाण्याखाली गेलं. आपल्याकडे गोव्याच्या मांडवीतली दिवार आणि चोडण, जैतापूरच्या खाडीतलं जुवे ही बेटं खाडीच्या पाण्याने वेढलेली आहेत. देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी पर्यटकांना दाखवतात ते 'त्सुनामी बेट' म्हणजे खाडीची वाळू. भरतीला ते जवळजवळ दिसत नाही.

भूकंपानेही बेट वर येतं. नोव्हेंबर 1945 मध्ये मकरानच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला, समुद्रात चिखलाची बेटं वर आली, आणि त्याच भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली. इथे लाट सुमारे 2 मीटर होती आणि माणसं बुडाली. सप्टेंबर 2013 मध्ये त्याच भागात, ग्वादरजवळ, भूकंपानंतर काही तासांत चिखलाचं बेट उगवलं आणि तीनएक वर्षांत लाटांनी ते विरघळवलं. अरबी समुद्र शांत आहे असं समजणाऱ्यांनी 1945 ची ती त्सुनामी लक्षात ठेवावी.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ, कारण बेटं कशी होतात या प्रश्नाला इथे एक जोड-प्रश्न आहे: ती मोडली कशी? सात हा आकडाही भरती-ओहोटीवर अवलंबून होता. भरतीत वेगळी दिसणारी बेटं ओहोटीत दलदलीने एकमेकांना जोडली जात. मोठं पाणी शिरायचं ते महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारातून. पश्चिमेची कठीण धार नेमकी तिथे तुटलेली होती. भरतीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून आत जाई आणि ओहोटीला तिथूनच बाहेर पडे, म्हणून तिथे ओढ जबरदस्त असे आणि बांध टिकत नसे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांची नाराजी पत्करून तिथे बांध घालण्याचं काम पुढे रेटलं, आणि 1784 च्या सुमारास वेलार्ड नावाचा हा बांध पुरा झाला. बांध सारखा ढासळत होता तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू अभियंत्याच्या स्वप्नात देवी आली आणि समुद्रातून मूर्ती काढल्यावर बांध उभा राहिला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. मग शीवचा बांध, 1838 मध्ये कुलाब्याचा कॉजवे, 1845 मध्ये लेडी जमशेटजींच्या देणगीतून माहीमचा कॉजवे. बांधांनी पाणी अडवलं, पण आतली जमीन उचलली नाही. ती भराव आणि शहराचा केरकचरा टाकून कशीबशी भरत आणली, आणि तिचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खालीच राहिला.

बॅकबेमध्ये मात्र थेट समुद्रच भरला गेला. 1863 ची भराव कंपनी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा बाजार कोसळला तेव्हा 1865 मध्ये बुडाली. कुलाब्याच्या पश्चिम काठावरचा कफ परेड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने भरला. 1920 च्या दशकात गव्हर्नर लॉईड यांची मोठी योजना आली, तिच्यातल्या गैरव्यवहारावर के. एफ. नरिमन तुटून पडले, आणि उरलेला भाग 1960 आणि 1970 च्या दशकांत भरून तिथे नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे टॉवर उभे राहिले. प्रत्येक भरावात कोळ्यांचा उथळ समुद्र गेला. खडकांच्या कपारींत आणि उथळ पाण्यात मासळी वाढते, भरावाच्या सरळ भिंतीशी ती तशी वाढत नाही. राजभवनाजवळच्या समुद्रात खडकावर सुमारे 16 हेक्टरचं बेट भरून शिवस्मारक उभारण्याच्या योजनेला मच्छीमारांनी विरोध केला, तो याच कारणाने. महाराजांचं स्मारक व्हावं असं कोळ्यांनाही वाटतं, त्यांच्या पूर्वजांनी तर महाराजांच्या आरमारात वल्ही मारली. पण तो खडक म्हणजे त्यांचं शेत आहे, आणि शेतावर काही बांधायचं तर शेतकऱ्याला आधी विचारतात. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

समुद्र आता पुन्हा चढतो आहे. हिमयुगानंतरच्या मानाने हा वेग कमी आहे, पण तेव्हा माणूस मागे सरकू शकत होता. ज्वालामुखीच्या उंच बेटाला याने फारसा फरक पडत नाही, कंकणद्वीपाचं अस्तित्वच पणाला लागतं, आणि मुंबईसारख्या जोडलेल्या खंडीय बेटांवर पाणी सर्वांत आधी जुन्या सामुद्रधुनीची वाट धरतं. मलबार हिल आणि माझगावच्या टेकडीला ते पोचणार नाही. दादर-परळमधला हिंदमाताचा परिसर मात्र बशीसारखा खोलगट आहे. तिथे पावसाने उधाणाची भरती गाठली की पाणी तुंबतं, कारण भरतीच्या वेळी गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी बाहेर पडू शकत नाही. महापालिकेने हाजी अली आणि वरळीच्या लव्हग्रोव्हला पंपिंग स्टेशनं बांधली. ही दोन्ही ठिकाणं वेलार्डच्या दोन टोकांना, म्हणजे हॉर्नबीने बुजवलेल्या त्या खिंडाराच्या दोन बाजूंना आहेत. पूर्वी भरतीचं पाणी ज्या वाटेने आत येई, त्याच वाटेने आता पावसाचं पाणी यंत्र लावून बाहेर काढावं लागतं. हिंदमातासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या खणल्या आहेत. उधाण असेल तेव्हा पावसाचं पाणी त्यांत साठवायचं, आणि ओहोटी लागली की समुद्रात सोडायचं, अशी त्यांची रचना आहे.